एकच त

सोमवारी साडेसहाला कॅनडा कॉर्नरला
चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
आमचा इंग्रजीचा क्लास भरतो.
अंबडहून सुटून आलेल्यांच्या बोटांना अजून ऑइलचा वास.
खैरनार मॅडम फळ्यावर तीनच शब्द लिहितात,
इन, ऑन, ॲट,
आणि म्हणतात, सांगा, शनिवार-रविवार काय केलंत.

गांगुर्डे आधी उठतो. तो नेहमीच आधी उठतो.
आय एट मिसळ इन संडे.
मॅडम हसत नाहीत. डस्टर उचलून टेबलावर ठेवतात.
रविवार म्हणजे डबा नव्हे, आत शिरायला.
रविवार हे टेबल. मिसळ त्याच्यावर ठेवा.
ऑन संडे.
सकाळ मात्र डबाच. इन द मॉर्निंग.
आणि रात्र?
रात्र म्हणजे टाचणीचं टोक. ॲट नाइट.
असं का, मॅडम?
ते साहेबाला विचारा, म्हणतात,
आणि साहेब तर कधीच गेला.

तबस्सुम सोमेश्वरला जाऊन आली, धबधब्यावर.
टू सोमेश्वर. ॲट द वॉटरफॉल.
ऑन म्हणालीस तर पाण्यावरून चालून आलीस असं होईल.
ती म्हणते, आमचे भाऊजी तसेच चालत होते,
सेल्फीसाठी. पडले.
पडले ते इन की इन्टू,
यात पाच मिनिटं जातात.

मी वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
यांचे शब्द पुढे चालतात,
वरातीपुढच्या बत्तीवाल्यांसारखे.
आपले मागून येतात आणि चिकटतात.
आणि ते चिकटायच्या आधी
नाम जरासं वाकतं.
गंगापूरचं धरण, धरणा होतं, मग त्याला वर लागतं.
शाळेत याला सामान्यरूप म्हणायचे.
मला वाटायचं, शब्द लाजला.

माझी पाळी.
येताना रिक्षात एक वाक्य घोकून आणलं होतं, खोटं:
ऑन सॅटर्डे आय वेंट टू द बोट क्लब विथ माय फॅमिली.
तिन्ही शब्द जागच्या जागी.
उभी राहिले आणि तोंडातून निघालं
आय वॉज इन द हॉस्पिटल.

मॅडमनी खडू खाली ठेवला.
तुम्हाला काय झालं?
मला नाही. भाऊ. हेमराज. सिव्हिलला आहे.
मग ॲट, त्या हळू म्हणाल्या.
तो इन. तुम्ही ॲट.

म्हणजे एवढंच अंतर.
लोखंडी कॉटवर, सलाईनच्या बाटलीखाली, तो.
खाली फरशीवर चटई टाकून मी.
शनिवारची रात्र, मग रविवारची,
दोन्ही टाचणीच्या टोकावर मावल्या नाहीत.
तीनच्या सुमाराला त्यानं विचारलं,
ताई, भोंगा झाला का?
त्याला वाटलं कंपनीतच आहे, नाइटला.
मी म्हणाले, झोप. आपण दवाखान्यात आहोत.
आपण, म्हणाले मी.
दवाखाना वाकला, दवाखान्या झाला,
आणि एकच त
दोघांच्या अंगावर पुरला.

मॅडम फळ्यावर लिहितात,
हिज ब्रदर, असं आधी चुकून, मग पुसून हर ब्रदर,
इज इन द हॉस्पिटल.
शी इज ॲट द हॉस्पिटल.
सगळे उतरवून घेतात. तबस्सुम इनच्या खाली रेघ मारते.
मागून गांगुर्डे, न उठता,
आणि घरी आणल्यावर, मॅडम?
ॲट होम.
कोण?
दोघंही, मॅडम म्हणतात. दोघंही ॲट.

साडेसातला खाली उतरले.
सिव्हिलकडे जाणाऱ्या रिक्षात एकच सीट होती, ड्रायव्हरशेजारी.
बसले.
रिक्षात, म्हणजे इन की बाय,
विचारायचं राहिलं.